भोतातले जंत की सूत्रकृमी?

रत्नागिरीहून एका वाचकांनी विचारले आहे : ईल माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यात राहणाऱ्या निमॅटोड या परजीवी कृमीविषयी मच्छीमारांसाठी लिहायचे आहे, 'वाताशयातील जंत' म्हटले तर चालेल का?

वाताशय चालेल. जंत नको.

संस्कृत 'जन्तु'पासून मराठीत दोन शब्द झाले आणि त्यांनी कामे वाटून घेतली. जंतुनाशकाने आपण फरशी पुसतो, जंतनाशकाची गोळी मुलाला देतो. जंत म्हटले की आतडे आलेच. कातडीखालून निघणाऱ्या कृमीला आपण जंत म्हटले नाही, नारू म्हटले. कृमी राहतो कुठे, यावर बोलीचे इतके बारीक लक्ष आहे, याचे मला फार कौतुक वाटते. म्हणून 'जंत' वाचल्यावर कोकणातला माणूस आतडेच तपासणार, आणि इथे तर खराबी भलतीकडेच असते.

निमॅटोडला शेतीच्या मराठीत सूत्रकृमी म्हणतात. डाळिंब-टोमॅटोवाल्यांच्या तोंडी तो रुळलेला आहे. शालेय पुस्तकांत गोलकृमी आहे, तोही बरोबर. मी सूत्रकृमी निवडेन. तुमचा प्राणी मात्र सुतासारखा बारीक नाही. पूर्व आशियातला हा कृमी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या ईलमध्ये पोचला. रोगट माशाची पिशवी चिरली की आत रक्त पिऊन टच्च फुगलेले, काळपट, काही सेंटिमीटर लांबीचे कृमी दिसतात. पिशवीची भिंत जाड होते, व्रण पडतात. जपानी ईलला त्याचा तितका त्रास होत नाही. युरोपातल्या ईलला पुढे अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहून अटलांटिक महासागरातला सारगासो समुद्र गाठायचा असतो, त्याला ही पिशवी धड हवी.

'अळी' हा शब्द पिल्लांपुरताच ठेवा. ती पिशवीतून नळीवाटे आतड्यात उतरतात, पाण्यात पडतात, तिथे सूक्ष्म कवचधारी जीव त्यांना खातात आणि त्या जीवांना ईल. नारूही पाण्यातल्या अशाच जीवांतून माणसात यायचा, हे जुन्या वाचकांना लगेच पटेल.

आता पिशवी. घोळ माशाच्या भोताला केवढा भाव येतो, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावे लागत नाही. तेच हे भोत. कुठे 'बोत'ही म्हणतात. पहिल्यांदा 'भोत, म्हणजे वाताशय' असे लिहा आणि पुढे खुशाल 'भोतातले सूत्रकृमी' म्हणा. इंग्रजी 'स्विम ब्लॅडर'मधला ब्लॅडर शब्द पाहून 'मूत्राशय' मात्र कृपा करून लिहू नका, त्याचा इथे काही संबंध नाही.

आणि ईलला सरसकट 'वाम' म्हणू नका. आपली समुद्रातली वाम वेगळ्या कुळातली. ज्या ईलमध्ये हा कृमी होतो त्याचा सख्खा भाऊबंद नदीतला अहीर आहे.