ऑनर सोसायटी की ऑनर्स प्रोग्राम?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या महाविद्यालयात) शिकते. तिला ‘फाय थीटा कॅपा’चे निमंत्रण आले असून शुल्कही मागितले आहे. ही संस्था विश्वासार्ह आहे का? कॉलेजच्या ऑनर्स प्रोग्रामहून ती वेगळी कशी?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण गुणवत्तेच्या नावाखाली केवळ शुल्क उकळणाऱ्या संस्थाही असतात, ही मात्र त्यांतली नव्हे. १९१८ साली मिसूरीत स्थापन झालेल्या या संस्थेला १९२९ मध्ये द्विवर्षीय महाविद्यालयांची अधिकृत ऑनर सोसायटी, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांची संस्था, म्हणून मान्यता मिळाली. सदस्यत्व गुणांवर मिळते, आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाताना काही शिष्यवृत्त्या केवळ सदस्यांसाठी राखीव असतात; मुलीला हव्या असलेल्या विद्यापीठात तशी शिष्यवृत्ती आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे.

ऑनर्स प्रोग्राम हा मात्र प्रत्यक्ष अभ्यासाचा भाग असतो : लहान वर्ग, अधिक लेखन, एखादा संशोधनप्रकल्प, आणि प्राध्यापकांशी असा परिचय की त्यांचे शिफारसपत्र नुसते औपचारिक राहत नाही. कॅलिफोर्नियातील अनेक कॉलेजांत तो पूर्ण करणाऱ्यांच्या अर्जाचा यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) प्राधान्याने विचार करते, अर्थात प्रवेशाची हमी देत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतात; वेळ अपुरा असेल, तर आमच्या मते ऑनर्स प्रोग्राम निवडावा.