फुटीर कोण, आणि फारकत कशाची?

वणीकडच्या एका वाचकानं विचारलंय: वेगळा विदर्भ मागणाऱ्यांना 'फुटीरतावादी' म्हणणं बरोबर का? आणि देशातून निघालेल्यांच्या सरकारला काय म्हणावं?

बरोबर नाही, साफ चूक आहे. हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं. विदर्भवाल्यांना देश सोडायचा नाही, मुंबईचा कारभार सोडायचा आहे. १९५५ साली राज्यांची पुनर्रचना सुचवायला केंद्रानं नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तो आयोग फुटीर होता का? संविधानाच्या कलम ३ प्रमाणे संसद साध्या कायद्यानं नवं राज्य करते. जुन्या राज्याचं मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी २ जून २०१४ला तेलंगण झालंच. आपल्याकडं भाऊ येगळा निंगला तर त्याला कोणी घरफोड्या म्हणतं? वाटणी झाली म्हणतात, पटवाऱ्याकडं फेरफार होतो, अन् धुऱ्यावरची बाभूळ कोणाची यावर भांडण पुढं चालूच राहतं.

देश सोडण्याला मात्र माझ्या मते एकच नेमका शब्द आहे, फारकत. यावर काही पंडित लगेच त्याचं मूळ म्हणून 'फर्क' नाहीतर 'फुर्कत' पुढं करतात. विरह म्हणे! मग 'फारखत', 'फारखती' या रूपांतला ख कुठून टपकला? शब्द मुळात 'फारिगखती'. फारिग म्हणजे मोकळा, अन् खत म्हणजे लेख, तोच जो खरेदीखतात आणि गहाणखतात आहे. देणंघेणं मिटलं, तू मोकळा, असं लिहून दिलेला कागद म्हणजे फारकत. नवराबायकोच्या सोडचिठ्ठीलाही तोच शब्द लागला.

गंमत पुढंच आहे. हा कागद स्वतःचा स्वतः लिहून घेता येत नाही, समोरच्यानं द्यावा लागतो. कायदा दुसरं काय म्हणतो? टेक्सासच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८६९ साली सांगितलं की क्रांती किंवा इतर राज्यांची संमती, याशिवाय सुटका नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली आपल्याच क्यूबेक प्रांताला एकतर्फी निघायचा हक्क नाकारला. पण लोकांनी स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट कौल दिला तर बाकीच्यांनी वाटाघाटीला बसलं पाहिजे, असंही बजावलं. चेक आणि स्लोव्हाक १ जानेवारी १९९३ला निघाले, ती खरी फारकत, दोन्ही बाजूंच्या राजीखुशीची. कोसोवोनं २००८ साली सर्बियाशी केला तो काडीमोड. काडी एकट्यालाही मोडता येते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०१० साली ती स्वातंत्र्याची घोषणा बेकायदा नाही एवढंच म्हटलं. निघायचा हक्क आहे की नाही, यावर बोलणं टाळलं. आपल्याकडं तर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत सांगूनच टाकलं होतं की कोणत्याही राज्याला संघातून बाहेर पडायचा हक्क नाही.

हां, सरकारचं राहिलं. जुनी सत्ता उभी असताना त्याच मुलखावर आपला कारभार चालवतं ते प्रतिसरकार, साताऱ्याचं होतं तसं. नवा देश जाहीर करून बसतं ते हंगामी सरकार. एप्रिल १९७१ मधलं बांगलादेशाचं मुजीबनगर सरकार त्यातलं. १९४२च्या चले जाव चळवळीतलं चंद्रपूरकडचं चिमूर यांपैकी कशात बसवायचं? गोऱ्यांचा अंमल तिथं काही दिवस उठला, पण कारभार मांडायला उसंतच मिळाली नाही. त्याला उठाव म्हणा.

अन् 'फर्क'वाल्यांनी पत्र पाठवण्याआधी तेवढा ख समजावून सांगावा.