ठाण्याहून कॅम्पर व्हॅन (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्यानं घेऊन दिवाळीत पाच दिवस फिरायचं आहे. भंडारदरा, वेरूळ, अजिंठा, लोणार, कास, महाबळेश्वर बसेल का? आम्ही दोघं, सोबत आई-बाबा आणि दोन मुलं.

नाही बसणार. कास आणि महाबळेश्वर आधी काढून टाका. ती दोन्ही साताऱ्याच्या बाजूला, बाकीची चार नाशिक-मराठवाडा-विदर्भाच्या दिशेला. शिवाय कासची फुलं सप्टेंबर आणि फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीत तिथे वाळलेलं गवत बघायला मिळेल.

उरलेल्या चारांचा क्रम लावण्यापूर्वी मुक्काम ठरवा. हॉटेलच्या सहलीत आपण आधी ठिकाणं ठरवतो आणि मग खोली शोधतो. व्हॅनच्या सहलीत हे उलटं करावं लागतं, कारण रात्री तिला सपाट जागा, पंधरा अँपिअरचा प्लग आणि पाण्याचा नळ लागतो. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तरी या तिन्ही गोष्टी एका जागी देणारे तळ अजून बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे एमटीडीसीचं निवास, एखादं कृषी पर्यटन केंद्र किंवा मोठं आवार असलेलं हॉटेल यांना आधी फोन करा आणि गाडीची लांबी-उंची सांगून विचारा. ‘पार्किंग आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. फाटकाची कमान किती उंच आहे आणि प्लग कुठपर्यंत पोचतो, तेही विचारा.

विजेचा हिशोब मालक सांगतो त्यापेक्षा कडक असतो. समजा गाडीत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. म्हणजे कागदावर १.८ युनिट, लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर त्यातलं निम्मंच वापरलेलं बरं. पंखे, दिवे, मोबाइल यावर रात्र आरामात निघते. एक टनाचा एसी मात्र तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे बाहेरून वीज नसेल तर जेमतेम तासभर. दिवाळीचा काळ म्हणूनच चांगला: भंडारदऱ्याला तेव्हा रात्री पांघरूण लागतं, एसीचा प्रश्नच येत नाही. हीच सहल मे महिन्यात काढणार असतात तर मी नको म्हटलं असतं.

पाण्याचंही तेच. माणशी एक बादली आंघोळीला धरली तरी सहा जणांची शंभर लिटरची टाकी एका सकाळीत संपते. गाडीतल्या शौचालयाची मैल्याची पेटी वीसेक लिटरची असते. ती रोज रिकामी करावी लागेल आणि तीही मुक्कामाच्या शौचालयातच, ओढ्यात किंवा शेताच्या कडेला अजिबात नाही. माझा सल्ला: प्रत्येक मुक्कामी एक खोलीही घ्या. आई-बाबा तिथे झोपतील, आंघोळी सगळ्यांच्या तिथेच होतील आणि गाडीतलं शौचालय फक्त रात्री-अपरात्रीसाठी राहील. ‘मग व्हॅन कशाला?’ असं बाबा विचारतील. पण बहुतेक व्हॅनमध्ये झोपायची सोय चार जणांचीच असते, तेव्हा खोली तशीही लागणारच.

आता रस्ता. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये ही गाडी शिरणार नाही, म्हणून सामान आदल्या रात्री पिशव्यांत भरून खाली आणायच्या तयारीत ठेवा. पहाटे पाचच्या आत माजिवडा सोडा. साकेत पूल, खारेगाव, माणकोली हा पट्टा एकदा तुंबला की मुलांचा नाश्ता तिथेच होतो. पुढे आमणे इथे समृद्धी महामार्गावर चढा. आमणे-इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. उंच, जड गाडीला हे मोठंच सुख. इगतपुरीला उतरून घोटी, बारी, शेंडी. बारीला थांबून मुलांना कळसूबाई दाखवा. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर.

भंडारदऱ्याला दोन रात्री द्या. जलाशयाभोवतीचा रस्ता अरुंद आहे, व्हॅन मुक्कामी ठेवून रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराला स्थानिक जीप करून जा. जलाशयाकाठी भटकत कुठेही गाडी उभी करून झोपू नका, हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. गावकऱ्यांचे तळ आहेत, तिथे उतरा.

तिसऱ्या दिवशी भरवीरहून पुन्हा समृद्धी, माळीवाड्याला उतरून वेरूळ. लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढं कॅलेंडरमध्ये बघा. चालणं जमत नसेल तर आई-बाबांना फक्त सोळा क्रमांकाचं कैलास लेणं दाखवा, मग शेजारीच घृष्णेश्वर. अजिंठा मी सोडून देईन. तो छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटर, गाडी खाली फर्दापूरजवळ ठेवून बसनं वर जायचं आणि मग पायऱ्या. त्याला स्वतंत्र दिवस हवा.

चौथ्या दिवशी मेहकरला उतरून लोणार. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावरून ते आई-बाबांना पुरेल, गावातलं दैत्यसूदन मंदिरही त्यांना आवडेल. परतीचा प्रवास मात्र चारशे किलोमीटरच्या वर. तो नको वाटला तर लोणार गाळून वेरूळला दोन रात्री राहा. मी तसंच करेन.

गाडी ताब्यात घेताना आरसी बुकात तिची नोंद कॅम्पर व्हॅन म्हणून आहे ना आणि आसनं किती लिहिली आहेत, ते बघा. घरगुती बदल करून पलंग ठोकलेली टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ नका. चालक सोबत घेत असाल तर तो रात्री कुठे झोपणार हे आधीच ठरवा, नाहीतर बिचारा पुढच्या सीटवर वाकडा होऊन झोपतो आणि सकाळी तोच घाट उतरवतो. गाडी चालू असताना मुलं पलंगावर नकोत, पट्टा लावून सीटवर. गॅसचा कॉक प्रवासात बंद, स्वयंपाक करताना खिडकी उघडी. आणि निघण्यापूर्वी टायरची हवा तपासून घ्या, काँक्रीटवर दुपारी टायर चांगलेच तापतात.