पडद्यावरचा रंग छपाईत का बदलतो आणि कलर प्रोफाइल कसे वापरावे?

पडद्यावर नीट दिसणारा फोटो छापल्यावर काळपट आणि लालसर का येतो, असे आपण विचारले आहे. लालसर झाक बहुतेक वेळा रंगांची दुरुस्ती दोनदा झाल्यामुळे येते: एकदा फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पुन्हा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रणालीमध्ये. म्हणून रंगांचे नियंत्रण सॉफ्टवेअरकडे द्यावे, तेथे योग्य आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) निवडावे आणि ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती पूर्णपणे बंद करावी.

प्रोफाइल हे एकट्या प्रिंटरचे नसते, तर प्रिंटर, शाई आणि कागद या तिन्हींच्या मेळाचे असते. त्यामुळे ग्लॉसी कागदाचे प्रोफाइल मॅट कागदाला लावले, तर कागद शाई वेगळ्या प्रकारे शोषत असल्याने केसांमधले किंवा गडद कपड्याच्या चुण्यांमधले बारकावे बुजून जातात. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही त्या प्रोफाइलला जुळणाराच ठेवावा, कारण शाई किती सोडायची हे त्यावरून ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

काळपटपणाचे मूळ मात्र बहुधा प्रिंटरमध्ये नसून पडद्यात असते. पडदा पूर्ण उजळ ठेवून काम केले की फोटो नकळत गडद केला जातो. म्हणून पडदा कॅलिब्रेट करून (मोजमाप घेऊन त्याचे रंग प्रमाणाला जुळवून) त्याचा उजळपणा दर चौरस मीटरला सुमारे १०० ते १२० कँडेला ठेवावा आणि छापील प्रत शक्यतो ५००० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या) प्रकाशात पाहावी.

काही झगझगीत निळे-हिरवे रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे छपाई कशी येईल हे पडद्यावरच दाखवणाऱ्या पूर्वदर्शनात, ते आधीच कळते, तेव्हा पर्सेप्च्युअल (सगळेच रंग परस्परांशी मेळ राखत आवाक्यात आणणारा) आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (आवाक्यातले रंग तसेच ठेवून फक्त बाहेरचे बदलणारा) हे दोन्ही पर्याय तेथेच ताडून पाहावेत.