अलगोल मंदावतो केव्हा?

प्रश्न : ययाती तारकासमूहातला अलगोल ठरावीक काळाने मंद होतो असं वाचलं. डिसेंबरात आठवडाभर रोज रात्री ९ वाजता शेतातून पाहिला. एकदाच किंचित फिका वाटला. काय चुकलं? दुर्बीण नाही.
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नजर ठीक आहे, वेळ चुकली. अलगोलचा मोठा पण निस्तेज सोबती दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. आज मध्यरात्रीनंतर १ वाजता तो सर्वांत मंद झाला, तर पुढची खेप तिसऱ्या रात्री ९:४९ ला, त्यापुढची संध्याकाळी ६:३८ ला आणि मग थेट भरदुपारी. २० दिवसांनी मात्र पहिली वेळ पावणेदोन तास उशिराने परत येते. ग्रहण १० तास चालतं, पण डोळ्यांना जाणवते ती मधली चार-पाच तासांची घसरण : २.१ प्रतीवरून ३.४ वर (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). १७८३ मध्ये खगोलनिरीक्षक जॉन गुडरिकने हा ठेका नुसत्या डोळ्यांनीच पकडला होता, तेव्हा दुर्बिणीवाचून अडत नाही.

‘फिका वाटला’ एवढ्यावर थांबू नका, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहा. देवयानी तारकासमूहातला गॅमा हा तारा २.१ प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन २.९, त्रिकोण समूहातला आल्फा ३.४. गॅमा ते एप्सिलॉन या फरकाचे मनात दहा भाग करा. अलगोल गॅमापासून चौथ्या भागावर वाटला, तर २.१ + ०.३ = २.४ प्रत. अलगोलला खेटून असलेला ऱ्हो हा तारा तुलनेला घेऊ नका. सोयीचा म्हणून बरेच जण तोच घेतात, पण तो स्वतःच ३.३ ते ४ मध्ये बदलतो आणि सगळी नोंद वाया जाते.

दुसरी चूक उंचीची. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी एप्सिलॉन ईशान्येला खाली, गावच्या चुलींच्या धुरात असतो. तो उगाच मंद दिसतो आणि अलगोल त्याच्या मानाने उजळ. दोन दशांश प्रत सहज चुकते. रात्री ८ नंतरच्या नोंदी भरवशाच्या.

मोटारपंपाजवळचा दिवा बंद करून २० मिनिटं अंधारात थांबा, टॉर्चला लाल जिलेटीन बांधा. दर १५ मिनिटांनी वेळ आणि प्रत लिहा, आधीचा आकडा झाकून. नाहीतर हात तोच आकडा पुन्हा लिहितो. नंतर आलेख काढा. उतरताना २.८ प्रत ज्या वेळी होती आणि चढताना ज्या वेळी आली, त्यांचा मध्य म्हणजे ग्रहणाचा मध्य. उतार पाहून घरी निघालात, तर हा मध्य काढताच येत नाही.