पेठेतल्या जुन्या घराच्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवाव्यात का?

आजोबांचं दुमजली घर मंगळवार पेठेत, खिडक्या खालून कुजल्यात, कंत्राटदार म्हणतो सगळ्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू, आणि त्याला परवानगी लागते का, असा तुमचा प्रश्न आहे. मी कोल्हापुरात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. माझं स्पष्ट मत: स्वतः तपासल्याशिवाय एकही चौकट भिंतीतून काढू देऊ नका.

एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीचं खालचं आडवं लाकूड, उभ्या लाकडांची खालची टोकं आणि झडपांच्या तळपट्ट्या टोचून बघा. टोक आत घुसलं तर लाकूड गेलं. बहुतेक घरांत वीतभर वर गेलात की तेच लाकूड ठणठणीत लागतं. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्या आधी जातात, आणि पाणी तळाशी साचतं म्हणून तळच सडतो. वरचं जुनं सागवान पक्क्या गाभ्याचं असतं. आज वखारीत मिळणारं कोवळ्या झाडाचं लाकूड त्याच्या जवळपासही येत नाही. चांगला सुतार कुजका भाग तिरका कापून तिथं जुन्याच सागवानाचा तुकडा सांधतो. वाडे पाडल्यावर निघालेलं असं लाकूड विकत मिळतं, फक्त रंधा मारण्याआधी त्यातले खिळे काढून घ्यायला सांगा. झडपांना वाळवी लागली असेल तर मात्र चौकटीमागची भिंतही उकरून बघावी लागते.

चौकट ओढून काढण्यात आणखी एक धोका आहे. पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यातल्या जाड भिंतीत वरची लाकडी पट्टी आणि चौकट मिळून भार पेलत असतात. ती उपटली की वरचं बांधकाम खचतं, मग कंत्राटदार फटी सिमेंटने बुजवतो. चुन्याची आणि मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती अडवतं. दोन-चार पावसाळ्यांत त्याच जागी पोपडे निघतात. सरकत्या खिडकीचा तोटा तर रोजचा आहे: दोन पट्ट्यांची असेल तर एका वेळी अर्धीच उघडते. एप्रिलच्या उकाड्यात तुमच्या जुन्या झडपा सताड उघडून जेवढा वारा येतो, त्याच्या निम्माच येईल.

आता परवानगी. महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन घर वारसा यादीत आहे का आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, ते विचारा. यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी मंजुरी घ्या. केंद्र संरक्षित स्मारकाजवळची घरं वेगळी. तिथं २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, आणि साध्या दुरुस्तीलाही ना-हरकत लागते. पन्हाळ्यावर राहणाऱ्यांना हे ठाऊक असतं. २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून तिकडे जास्तच लक्ष आहे.

पण यादीत नसलं तरी माझं म्हणणं बदलत नाही. राजघराण्याच्या न्यू पॅलेसची काळजी घेणारे आहेत. पेठेतल्या बोळांची ओळख मात्र तुमच्यासारख्या लहान घरांनीच टिकली आहे, आणि त्यांना कुणाचंच संरक्षण नाही. एका ओळीतल्या चार घरांनी चार तऱ्हेच्या काचा लावल्या की तो बोळ गेला, आणि तो कुठल्याही निधीतून परत येत नाही. हे बघताना मला खरंच वाईट वाटतं.

एखादी खिडकी अगदीच गेली असेल तर नवी लाकडीच करून घ्या. भोक तेवढंच ठेवा, झडपांची विभागणी तीच ठेवा आणि चौकट भिंतीत पूर्वी जितकी आत होती तितकीच आत बसवा. बाहेरच्या कडेला आणून लावली तर पाऊस थेट लाकडावर येतो. डासांची जाळी आतून वेगळ्या चौकटीवर लावा, म्हणजे जुनी झडप कापावी लागत नाही. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून, तोंडाला मास्क लावून, मुलांना लांब ठेवून खरवडा. मग जवसाचं तेल दोन हात, भेगांत लांबी (पुट्टी), आणि वर रंग.

काम मार्चमध्ये काढा. वळवाचे पाऊस सुरू व्हायच्या आत सांधे वाळायला हवेत, आणि मृगाच्या आधी रंगाचा शेवटचा हात. पैसे कमी असतील तर पश्चिमेच्या खिडक्या यंदा, बाकीच्या पुढच्या वर्षी.