चार टक्क्यांचं गिफ्ट कार्ड आणि बेचाळीस टक्क्यांचं कर्ज

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 36, हातात पगार 58 हजार, घरात पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सेलमध्ये फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एक फोन मिळून 60 हजारांची ऑनलाइन खरेदी करायची आहे. ते विचारतात: 'त्याच साइटची गिफ्ट कार्डं 4 टक्के सवलतीत मिळतात. क्रेडिट कार्डावर ती घेऊन खरेदी केली तर सवलतही मिळते आणि पॉइंटही. हा दुहेरी फायदा घ्यावा का?' पुढे जाता जाता एक ओळ आहे: 'कार्डावर सध्या 1 लाख 60 हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू (दरमहा किमान भरायची रक्कम) मी एकदाही चुकवलेला नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.'

प्रश्न तोच आहे, साहेब.

आधी तुम्ही विचारलेलं संपवतो. 60 हजारांची कार्डं तुम्हाला 57,600 ला पडतील, म्हणजे वाचले 2,400. मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याला साडेतीन, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के धरले तर 57,600 वर दोन हजार, वर 18 टक्के जीएसटी, मिळून जवळपास 2,400. तुमची सवलत तिसाव्या दिवशी फिटली. एकतिसाव्या दिवसापासून फ्रिज महाग होत जाणार. पॉइंटांचं म्हणाल तर गिफ्ट कार्डांवर ते मिळतात का, हे आपल्या कार्डाच्या अटींत एकदा वाचा. बऱ्याच जणांना तिथेच धक्का बसतो.

आता ती जाता जाता लिहिलेली ओळ. 1 लाख 60 हजारांवर महिन्याचं व्याज 5,600, जीएसटी धरून 6,600. तुम्ही मिनिमम म्हणून भरता साधारण 8 हजार. म्हणजे मुद्दल कमी होते 1,400 नी, आणि त्या महिन्यात पेट्रोल-किराणा कार्डावर टाकला की तेवढीही होत नाही. वर्षाला 79 हजार रुपये व्याजात जातात, तुमच्या सव्वा महिन्याच्या पगाराहून जास्त. मिनिमम भरल्यानं लेट फी वाचते आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, एवढंच. कार्डाच्या अडीच लाखांच्या मर्यादेतले 1 लाख 60 हजार कायम वापरात दिसतात, त्यामुळे कर्ज देताना बँका पाहतात तो सिबिल स्कोअरही काही खूश नसतो. व्याजदर कोणीतरी खाली आणील, या आशेवर राहू नका. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला.

ही थकबाकी आली कुठून, तेही पत्रात आहे. 'मुलीच्या नावानं बँकेतल्या मॅडमनी एफडीसारखीच एक योजना दिली, वर्षाला 48 हजार, वीस वर्षांनी 17 लाख. हप्ता कार्डावर भरतो, पॉइंट मिळतात.' दोन हप्ते झाले, म्हणजे 96 हजार. बाकीचं भाच्याचं लग्न आणि मागच्या दिवाळीचा सेल. एफडीसारखी योजना म्हणजे विमा पॉलिसी, हे पावतीवर नीट पाहिलंत तर दिसेल. वीस वर्षं 48 हजार भरून 17 लाख, याचा परतावा निघतो पाच टक्क्यांच्या किंचित वर. बेचाळीस टक्क्यांनी उसने घेऊन पाच टक्क्यांवर गुंतवायचे आणि वर पॉइंट मोजायचे! विमा म्हणून पाहिलं तरी कवच आहे 5 लाखांचं, म्हणजे तुमचा नऊ महिन्यांचाही पगार नाही. मॅडमना टार्गेट होतं, तुम्हाला खाली सही करायची घाई होती. झालं.

आणि हे सगळं चालू असताना त्याच बँकेत तुमची 2 लाखांची एफडी पडून आहे, 'ती मोडायची नाही, लक्ष्मी आहे' म्हणून. लक्ष्मी वर्षाला 14 हजार आणते, कार्ड 79 हजार नेतं. या आठवड्यात एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून दोन-तीन हजार जातील, जाऊ द्या. 1 लाख 60 हजार कार्डावर भरा, उरलेले बचत खात्यात हात न लावता ठेवा. पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल. बँकेनं फसवलं म्हणून भांडू नका, तेही भरून टाका. ऑटो-डेबिटला 'मिनिमम' निवडलं असेल तर 'संपूर्ण रक्कम' करा.

पॉलिसीबद्दल घाई नको, फक्त तिसरा हप्ता कार्डावर भरू नका. आधी 1 कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, घ्या. तुमच्या वयाला, निर्व्यसनी असाल तर, वर्षाला 15 हजारांच्या आसपास पडावा. तो हातात आल्यावर कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आता बंद केली तर हातात येणारे पैसे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे), दोन्हींचे आकडे लेखी मागवा. भरलेल्यातले बरेचसे गेलेले दिसतील. तरी उरलेले अठरा हप्ते म्हणजे 8 लाख 64 हजार आहेत, निर्णय त्या रकमेचा करायचा आहे.

गिफ्ट कार्डांशी माझं वैर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं असं एक गिफ्ट कार्ड 10 हजारांपर्यंतच असतं, पुन्हा भरता येत नाही आणि त्याचे रोख पैसे मिळत नाहीत. वस्तू परत केली तर पैसे सहसा त्याच साइटवर अडकून राहतात. सेलमधली बँकेची 10 टक्के झटपट सवलतही साधारणपणे त्यावर लागत नाही, मग 4 टक्क्यांचं कौतुक कशाला? टेलिग्रामवर कोणी 15 टक्के कमीनं कार्ड देत असेल तर ते बहुधा चोरीच्या पैशाचं असतं. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

जुना फ्रिज आवाज करतो पण चालतो, असं तुम्हीच लिहिलंय. कार्डाला जाणारे 8 हजार चार महिने बाजूला ठेवा, 32 हजार होतील. तेवढ्यात चांगला फ्रिज येतो. तेव्हा किमतीइतकीच गिफ्ट कार्डं त्याच दिवशी यूपीआयनं घ्या, हजार-बाराशे वाचतील. वॉशिंग मशीन त्यानंतरच्या चार महिन्यांत. फोनचं पुढच्या वर्षी लिहा.